सुपातल्या भिकीबायची टेस्ट

“मॅडम, एक सॅम्पल रिजेक्ट झालंय. दोन किटांपैकी दुसरं. जनार्दन म्हणून पेशंट आहेत.”

“पेशंट नाहीत ते. आणि माझं सॅम्पल रिजेक्ट होत नाही,” मी फोनवर म्हटलं.

“झालंय मॅडम. थुंकीत तंबाखू होती. डीएनए निघालाच नाही. तुम्ही इन्स्ट्रक्शन दिल्या होत्या ना?”

इन्स्ट्रक्शन दिल्या होत्या का म्हणे! फोनवरच्या त्या को-ऑर्डिनेटरचं वय माझ्या सर्व्हिसपेक्षा कमी असेल. एकतीस वर्षं मी लोकांचं रक्त, लघवी, थुंकी गोळा करते आहे. आधी तारापूरला एका कंपनीच्या दवाखान्यात होते, आता बोईसरला माझं स्वतःचं कलेक्शन सेंटर आहे. कलेक्शन सेंटर म्हणजे आम्ही फक्त नमुना घेतो आणि नीट पॅक करून पाठवतो. तपासणीची मोठी मशिनं दुसरीकडे असतात. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी दरवेळी ‘टेक्निशियन’ म्हणून दुरुस्त करते आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डॉक्टर म्हणतात.

“दुसरी नळी पाठवा,” मी म्हटलं. “आणि रिजेक्टचा मेल मला करा. त्यांच्या भाचीला मीच सांगते.”

फोन ठेवला आणि पाच मिनिटं नुसती चरफडत बसले. बाहेर एमआयडीसीतल्या कामगारांची मेडिकलसाठी रांग लागलेली. “मॅडम, खाली पेट आया हूँ, जल्दी कर दो,” असं एक जण दारातून तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा कुठे उठले. पण सुई टोचतानाही डोक्यात एकच, की त्या दिवशी मी जनार्दनदादांना स्वतः चूळ भरायला लावली होती, तंबाखूची पुडी टेबलावर काढून ठेवायला लावली होती, घड्याळ लावून अर्धा तास बसवलं होतं. मग तंबाखू आली कुठून?

हे प्रकरण माझ्याकडे आलं कसं, ते आधी सांगते.

उन्हाळ्यात एका सकाळी भिकीबाय आपल्या मुलीला घेऊन आल्या. वय सदुसष्ट, कोळीण, तारापूरच्या पुढे किनाऱ्यावरच्या एका गावात राहतात. सुकी मासळी विकून त्यांनी तीन मुलं शिकवली. धाकटी मनीषा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मनीषाच्या हातात दोन डबे होते. होम डीएनए किट.

होम किट म्हणजे घरी बसून करायची टेस्ट. डब्यात एक नळी असते. तिच्यात रेघेपर्यंत थुंकायचं, वरच्या झाकणातलं औषध त्यात सोडायचं, हलवायचं, पाठवून द्यायचं. महिना-दीड महिन्याने मोबाइलवर रिपोर्ट येतो. तुमचे पूर्वज कुठले, तुमच्या रक्ताचं कोण कोण त्यांच्या यादीत आहे, असं सगळं. घरी बसून करायची म्हणतात, पण सूचना इंग्रजीत, रजिस्ट्रेशन ऑनलाइन आणि लोक औषध न सोडताच थुंकी हलवून मोकळे होतात. म्हणून आमच्याकडे लोक होम किट लॅबमध्ये घेऊन येतात.

“मला पूर्वज बघायचे होते मॅडम, ऑफर होती म्हणून दोन घेतले,” मनीषा म्हणाली. “पण आईला वेगळंच काढायचंय.”

“मला पूर्वज नको,” भिकीबाय म्हणाल्या. “माजा आनि जनाचा रक्त एक हाय का नाय, तेवढा सांगा.”

जना म्हणजे जनार्दन, त्यांचा पाठचा भाऊ, तीन वर्षांनी लहान. आणि हा प्रश्न सदुसष्टाव्या वर्षी कशाला पडला, तर त्याच्यामागे एक सूप होतं.

भिकीबायच्या आईची पहिली तीन मुलं एकापाठोपाठ गेली. कोणी सव्वा महिन्याचं, कोणी वर्षाचं. चौथ्या वेळी भिकीबाय जन्मल्या. तेव्हा जुन्या लोकांत एक रीत होती. मूल जगत नसेल तर ते सुपात घालून परक्या बाईला द्यायचं, आणि तिच्याकडून काहीतरी देऊन विकत घ्यायचं. म्हणजे हे मूल आपलं नाहीच, विकतचं आहे, याच्यावर नजर कशाला, असं सटवाईला की आणखी कोणाला दाखवायचं. नावही असंच ठेवायचं, भिकी, धोंडी, केरू. मासवणकडून एक बाई लाकडाची मोळी विकायला किनाऱ्यापर्यंत यायची. डोंगरातली, पावसावर भात पिकवणाऱ्या घरातली. तिच्या हातात सूप दिलं आणि सूपभर सुके बोंबील देऊन मूल परत घेतलं. भिकीबाय जगल्या.

ती बाई पुढे कितीतरी वर्षं यायची. दारात मोळी टाकली की आधी विचारायची, “माजी पोर कशी हाय?” येताना करवंदं, कंद आणायची. भिकीबाय तिच्या मांडीवर जाऊन बसायच्या. गाव हसायचं, आणि हसता हसता गावातल्या निम्म्या लोकांना ते खरंच वाटायला लागलं. रीत विसरली, सूप तेवढं लक्षात राहिलं. भिकीबायना शाळेत पोरं ‘बोंबलावर आणलेली’ म्हणायची. सासरी सासू भांडणात तेच काढायची. त्या उलटून बोलायच्या, पण मनात किडा होताच.

आणि त्या उन्हाळ्यात घरातच ठिणगी पडली. जनार्दनदादांचा मुलगा निलेश, त्याने नवी बोट बांधली होती. बोट नारळी पौर्णिमा झाली की पाण्यात उतरवायची. त्यांच्या घरात रीत अशी, की नव्या बोटीची पूजा घरच्या लेकीने करायची. लेक म्हणजे मालकाची बहीण किंवा आत्या. तिच्या हाताची हळद लागल्याशिवाय बोट पाण्याला शिवत नाही. निलेशला वाटत होतं, पूजा आपल्या बायकोने करावी. त्याच्या घरी जेवताना विषय निघाला. त्याच्या सासरची माणसं पंगतीला होती. भिकीबाय म्हणाल्या, “रीत लेकीची हाय.” तो म्हणाला, “लेक रक्ताची लागते, आत्या. तू तर सुपातली.”

भिकीबाय भरल्या ताटावरून उठल्या. तेव्हापासून माहेरची पायरी चढल्या नव्हत्या.

“टेस्टमध्ये रक्त एक निघाला तर जाईन,” त्यांनी मला सांगितलं. “नाय निघाला तर तो घर माजा नव्हताच म्हनेन. पन मदी लोंबकळत मरनार नाय.”

पहिल्यांदा जनार्दनदादा आले ते बहिणीने मनीषाकरवी निरोप धाडला म्हणून. शांत माणूस. फॉर्मवर सही करताना एवढंच म्हणाले, “बाय, हे न केलेला बरा.” मी म्हटलं, “भिकीबायच्या मनाचं समाधान होईल हो दादा.” त्यांनी सही पूर्ण केली आणि पुडी टेबलावर ठेवली. आणि मग ते सॅम्पल असं तंबाखूने गेलं.

दुसरी नळी आली तेव्हा मी त्यांना समोर बसवलं, पोलिसासारखं. पुडी काढायला लावली. मग म्हटलं, “दादा, तोंड उघडा.” डाव्या गालाच्या आत चिमूटभर तंबाखू दाबून ठेवलेली. माझं डोकंच फिरलं.

“लहान आहात का तुम्ही? मागच्या वेळी पण असंच केलंत?”

त्यांनी बोटाने तंबाखू काढून कचऱ्यात टाकली.

“बहिणीसाठी एवढं थुंकता येत नाही? ती माहेर तोडून बसली आहे, तुम्हाला तिचं काहीच नाही?”

हे मी बोलायला नको होतं. माझं काम नळी भरून घ्यायचं, माणसाला बोलून घ्यायचं नाही. पण मला राग आला की मी थांबत नाही, माझे मिस्टर साक्षीदार आहेत. जनार्दनदादा उठले, बेसिनपाशी गेले, दोन-तीनदा खळखळून चूळ भरली, अर्धा तास गुपचूप बसले आणि रेघेपर्यंत नळी भरून दिली. नळी देताना हात थरथरत होता. मला वाटलं, वय झालंय.

पाऊस चांगला लागला होता तेव्हा मनीषाचा पुण्याहून फोन आला. “मॅडम, रिपोर्ट आलाय. भाऊ-बहीण नाही लिहिलंय. फर्स्ट कझिन लिहिलंय. आईला काय सांगू?”

“काहीच सांगू नकोस. मला पाठव.”

हे समजायला फार अवघड नाही. किनाऱ्यावर मासळीचे वाटे घालतात ना, तसं धरा. प्रत्येक मुलाला अर्धा वाटा आईकडून, अर्धा बापाकडून. सख्ख्या भावंडांचे वाटे एकाच दोन टोपल्यांतून आलेले, म्हणून त्यांच्यात साधारण निम्मं सारखं निघतं. मावस, मामे, चुलत, आते भावंडांत त्याच्या चौथाई सारखं निघतं. परक्यांत काहीच नाही. आता एकाच जातीत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं होत आली की सगळेच एकमेकांचे थोडे थोडे नातेवाईक निघतात, तो गोंधळ असतो. म्हणून मी माझ्या जुन्या सरांना फोन केला. ते मोठ्या लॅबमध्ये होते, आता रिटायर आहेत.

“आकडे वाच,” सर म्हणाले. मी वाचले.

“सख्खे नाहीत. त्यात शंका नाही. पण परकेही नाहीत.”

“म्हणजे बाईंना बाहेरून आणलं नव्हतं?”

“तू घाई करतेस,” सर म्हणाले. “दोन माणसांच्या रिपोर्टमध्ये नातं कळतं. त्या दोघांपैकी घरातलं मूल कोण आणि आलेलं कोण, ते कळत नाही. तुम्ही सगळे त्या बाईकडेच का बघताय?”

मी आकडे पुन्हा बघितले. खरंच की. सूप भिकीबायचं होतं, म्हणून मीसुद्धा त्यांच्याकडेच बघत होते.

रिपोर्ट दोघांचा होता, म्हणून दोघांनाही एकाच वेळी सांगायचं ठरवलं. भिकीबाय म्हणाल्या, निलेशला पण बोलवा, त्याच्या तोंडावर होऊ दे. जनार्दनदादांना विचारलं तर नुसती मान हलवली. एका रविवारी दुपारी सेंटर बंद ठेवून बसलो. मी, भिकीबाय, मनीषा, निलेश. खुर्च्या कमी पडल्या तर जनार्दनदादा रक्त काढायच्या खुर्चीत बसले.

मी सरळ सांगितलं. “तुम्ही सख्खी भावंडं नाही. मावस, मामे, असं काहीतरी नातं आहे.”

“झाला!” निलेश म्हणाला. “मी काय बोललो होतो?”

“काय बोलला होतास?” मी म्हटलं. “बोंबलावर आणलेली म्हणाला होतास ना? त्या मोळीवाल्या बाईची मुलगी असती तर तुझ्या बापाशी काहीसुद्धा जुळलं नसतं. ही तुझ्याच घराण्यातली आहे.”

“पन सख्खी नाय ना?”

“तुझा बाप तरी सख्खा कुठाय? रिपोर्टमध्ये दोन नावं आहेत. दोघांतलं आलेलं कोण, हे त्यात कुठे लिहिलंय ते दाखव मला.”

त्याने खरंच मोबाइल घेतला आणि वरखाली करून बघायला लागला. पण भिकीबायनी ते ऐकलंच नव्हतं बहुतेक. त्यांनी पदर सावरला. चेहरा एकदम लहान झाला होता.

“म्हंजे मी मावशीची,” त्या म्हणाल्या. “आयची एकच बहीन होती, लवकर गेलेली. तिची मी. बरा झाला, कळला तरी. चल मनीषा, पाऊस थांबलाय तवर निघू.”

त्या उठल्या. पिशवी घेतली. दारापाशी चप्पल शोधायला लागल्या. आणि मागून जनार्दनदादा म्हणाले, “बस खाली, भिके.”

भिकीबाय दारातच वळल्या.

“मावशीचा मी हाय.”

त्यांनी सगळं सांगितलं, खाली मान घालून, थांबत थांबत. आजोळ डहाणूकडे. दोघी बहिणी एकाच वेळी बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. भिकी तीन वर्षांची, ती इकडे आजीजवळ. आईचं मूल पोटातच गेलं. चार दिवसांनी मावशी बाळंत झाली आणि गेली. तिचा नवरा आधीच दर्यात बुडालेला. आजोळच्या आजीने एका लेकीचं पोर दुसऱ्या लेकीच्या ओटीत घातलं. एकीला मूल नाही, एकाला आई नाही. घरी येताना आई तान्हा मुलगा घेऊन आली, आणि मुलगा झाला म्हणून बापाने गावात साखर वाटली. त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

“तुला कोनी सांगितला?” भिकीबाय दारातूनच म्हणाल्या.

“आयनं. मरताना. कोनाला बोलनार नाय म्हनून माजा हात धरून शपथ घातली.”

“आयला जाऊन अठरा वर्सं झाली, जना.”

“म्हाईत हाय.”

“अठरा वर्सं लोक मला सुपातली म्हनतात ते तू ऐकतोस. त्या दिवशी तुज्या पोरानं भरल्या पंगतीत काढला. तू समोर बसला होतास. भात कालवत होतास.”

“भ्यालो.”

“कशाला भ्यालास?”

जनार्दनदादा रडायला लागले. “तुजा काय, तू सख्खी नाय निघालीस तर आत्याचा मान तेवढा गेला असता. माजा बापच जातो गं. त्याचा घर, त्याची जागा, त्याचा नाव. मी मग कोनाचा ऱ्हायलो असतो?”

भिकीबाय आल्या आणि त्यांनी भावाच्या पाठीत धपाटा घातला. लटका नाही, चांगला दणदणीत. मग आणखी एक. चौसष्ट वर्षांचा माणूस रक्त काढायच्या खुर्चीत अंग चोरून मार खात होता. “मावशीचा हास म्हनून नाय मारला,” त्या ओरडल्या. “गप बसलास म्हनून मारला!” आणि मग त्याच पाठीवर डोकं टेकून त्या हमसाहमशी रडल्या. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू. मनीषा तर आधीपासूनच रडत होती.

निलेश मोबाइल धरून तसाच उभा होता. “म्हंजे मॅडम,” तो हळू म्हणाला, “आजोबांचा रक्त आमच्यात...”

“नाही. आजोबांचा वाटा या खोलीत दोघींकडेच आहे. तुझी आत्या आणि मनीषा.”

हे सांगताना मला बरं वाटलं, कबूल करते. पण त्याचं तोंड बघितलं आणि ते बरं वाटणं लगेच ओसरलं. तो तिशीतला पोरगा, एका वाक्यात त्याच्या पायाखालची वाळू सरकली होती. तो पुढे येऊन आत्याच्या पायाशी वाकला. तिने पाय मागे घेतले.

“थांब. आदी मला रडू दे,” भिकीबाय म्हणाल्या. “मग पड पाया.”

मनीषा शिकलेली मुलगी. डोळे पुसून तिने मला विचारलं, “आजोबांच्या पुतण्याची, म्हणजे चुलतमामाची एक टेस्ट केली, तर आई आजोबांची हे पक्कं कळेल ना?”

“कळेल,” मी म्हटलं.

“पक्का काय कळायचा ऱ्हायलाय?” तिची आई म्हणाली. “आता कोनाच्या तोंडात नळी घालू नको. चला, जनाला सकाळपासून काय खायला नसेल. असला काय झाला की हा जेवत नाय.”

पुढे काय झालं ते मनीषाने कळवलं. निलेश दुसऱ्याच आठवड्यात आत्याला घ्यायला गेला. ती म्हणाली, गुडघा दुखतो. नारळी पौर्णिमेनंतर चांगला दिवस काढला, तेव्हा पुन्हा गेला. ती म्हणाली, अजून दुखतो. गुडघ्याला काही झालं नव्हतं. सगळ्या बोटी पाण्यात गेल्या आणि निलेशची एकटी वाळूत. पंधरा दिवस त्याला असं झुलवल्यावर एका सकाळी ती स्वतःच रिक्षा करून माहेरी पोचली, आणि येतानाच दारातून ओरडली, की हळद कुठाय. जनार्दनदादांनी घरात आणि भावकीत स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. दोन दिवस कुजबुज झाली. एक-दोन म्हातारे म्हणाले, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं. म्हाताऱ्यांना नेहमीच तेव्हाच वाटलेलं असतं. जागा, घर, नाव, कोणी काही मागितलं नाही. ज्या गोष्टीला तो माणूस अठरा वर्षं भ्याला, ती एका शनिवारी-रविवारी संपली.

त्या रिपोर्टला आणखी बारा पानं होती. पूर्वज कुठले, रंगीत नकाशा, टक्केवारी. मनीषाने ज्याच्यासाठी किट घेतलं होतं ते सगळं त्यात होतं. कोणी उघडून बघितलं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर ते रिजेक्ट झालेलं सॅम्पल मी अजून विसरले नाही. गालात तंबाखू सापडली तेव्हा मी त्या माणसाला निष्काळजी ठरवलं, वर बहिणीवर माया नाही असंही सुनावलं. तो त्याच्या परीने मला सांगत होता, की बाय, मला यातून सोडव. एकतीस वर्षांत थरथरणारे हात हजारांनी बघितले. त्यातला भीतीचा कुठला आणि म्हातारपणाचा कुठला, हे ओळखता यायला हवं होतं. शिवाय दोन किटं, एक फुकट गेलेलं सॅम्पल, तीन कुरिअर आणि सगळा पावसाळा खर्ची घालून जे कळलं, ते जनार्दनदादांनी सात-आठ मिनिटांत सांगितलं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

आता कोणी होम किट घेऊन आलं, की डबा उघडायच्या आधी मी विचारते, घरात टेस्टला नको कोण म्हणतंय? तसं माणूस असलं, की त्याला आत बोलावून आधी चहा देते आणि दार लावून घेते. को-ऑर्डिनेटर म्हणतो, मॅडम, तुमच्याकडून किटं फार कमी येतात हल्ली. मी म्हणते, पण रिजेक्ट एकही होत नाही ना?